पाण्यातला हात

म्हातारीनं खताची गोणी माझ्या डोक्यातून खाली ओढली तेव्हा मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. गोणीला तिनं विळ्यानं भोकं पाडली होती, एक डोक्याला, दोन हातांना. युरियाचा वास नाकात गेला. गोणीच्या आत सासऱ्यांचा जुना लोकरी स्वेटर, त्याच्या आत पोलकं. लुगड्याचा काष्टा तिनं इतका आवळला होता की मांडीला वळ उठले. मग जाळ्याचा दोरा घेऊन माझी कंबर बांधली, मनगटं बांधली, गळ्यापाशी गोणीची कड बांधली. बाजारला न्यायचं बकरं बांधावं तशी.

मी म्हणाले, "आत्या, एवढं घालून पोहायचं? तळाला जाईन मी."

"उघडी गेलीस तर वारा खाईल. घालून गेलीस तर नुसती दमशील," ती म्हणाली. "काय पायजे ते सांग."

माझ्या माहेरी विहिरीत पोहतात. परकर छातीला बांधायचा आणि मारायची उडी. अंगावर जेवढं कमी तेवढं हलकं, एवढंच मला माहीत. पण ते वैशाखात. हा पौष होता, आभाळ आलेलं, आणि धरणाच्या पाण्यावरून वारा असा येत होता की काठावरची लव्हाळी आडवी झाली होती.

मला म्हातारी आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको. लग्नाला वर्ष झालं होतं आणि वर्षभर तिनं माझ्या डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हता. चुलीपाशी एकटी असले तरी बाहेरून हाक, "कौसे, पदर." तिच्यासाठी मी जीव धोक्यात घालावा असं तिनं काही केलं नव्हतं. पण त्या दिवशी तिच्यासोबत पाण्यात उतरायला दुसरं कोण होतं?

पलीकडच्या काठावर दुपारी सोसायटीची सभा होती. आमची भोयांची मच्छीमार सोसायटी. आजवर ज्यानं त्यानं आपलं जाळं टाकायचं आणि मासळी सोसायटीच्या काट्यावर घालायची, अशी रीत. आता बापूशेठ ठेकेदाराला सगळं पाणी पाहिजे होतं, दहा वर्षांसाठी. ठराव झाला की आम्ही आमच्याच पाण्यावर त्याचे रोजंदारीवाले, आणि स्वतःसाठी जाळं टाकलं की चोर. ठराव हात वर करून होणार होता. वस्तीतल्या सभासद गड्यांना बापूशेठनं आदल्या दिवशी जीपमध्ये घालून नेलं होतं. मटण होतं, बाटली होती. मेंढरंसुद्धा इतक्या खुशीत गाडीत चढत नाहीत.

ठरावाच्या विरोधात उघडपणे उभा होता एकटा किसननाना, पलीकडच्या गावचा. त्याचा निरोप आला होता की हात जवळजवळ बरोबरीचे आहेत, गोजराबाईनं यायलाच पाहिजे. गोजराबाई म्हणजे ही म्हातारी, माझी सासू. सासऱ्यांच्या मागं सभासद म्हणून तिचं नाव लागलं होतं. माझा नवरा तुळशीराम चार दिवस आधीच पलीकडं गेला होता. किसननानाच्या मदतीला जातो म्हणाला. सभेच्या दिवशी येऊन आम्हाला होडीतून घेऊन जाणार होता.

सकाळी उठून बघतो तर काठावर एकही होडी नाही. आमची नाही, कुणाचीच नाही. नुसते खुंट. तुळशीरामचाही पत्ता नाही. सडकेनं वळसा घालून जायचं तर दिवस मावळतो. बायकांनी बापूशेठच्या नावानं बोटं मोडली, मीही मोडली. म्हातारीनं नाही. ती खुंटापाशी गेली, वर आली, गोठ्यापाशी थोडी थांबली, मग घरात जाऊन विळा घेऊन आली.

तेलाचे रिकामे कॅन बुचं घट्ट लावून दोघींच्या काखेखाली बांधले. पाण्याला हात लावून कपाळाला लावला. म्हातारी कमरेपर्यंत शिरली आणि थांबली. मलाही थांबायला लावलं. गोणीत पाणी भरलं तेव्हा माझा श्वासच अडकला. बर्फाचा हात पोटावर फिरावा तसं ते पाणी फिरलं.

"हलू नको. हे पानी आता तुझं," ती म्हणाली. "अंगाच्या ऊबंनं कोमट हुईल. दोरा सुटला की ते जातंय आन नवं गार आत येतंय. म्हनून बांधलंय. कळलं? आन हात पान्याच्या आत चालव. भाईर काढलास तर वारा लागंल."

तिनं खालच्या अंगानं बेडकासारखी लाथ मारली आणि निघाली. मी मागून.

सुरुवातीला मला राग आला की ती म्हणाली ते खरं निघालं. गोणीतलं पाणी ऊन झालं नाही, पण गारही राहिलं नाही. त्रास होता तो तोंडाला. वारा समोरून, लाट बारीक पण एकसारखी, प्रत्येक लाटेचा शेंडा वारा तोडून आमच्या तोंडावर फेकत होता. कान दुखायला लागले. म्हातारीनं पदर डोक्याभोवती फडक्यासारखा गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारली होती, माझ्याही मारली होती. वर्षभरात पहिल्यांदा मला त्या पदराचा उपयोग कळला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. खांदे भरून आले. समोरचा काठ जवळच येईना. मधे एक टेकाड आहे, पाणी उतरलं की उघडं पडतं. मला ते दिसलं आणि मी सरळ तिकडं वळले. म्हातारी मागून काहीतरी म्हणाली, मी ऐकलं नाही. पायाला खडक लागला, मी वर चढले, उभी राहिले. सुटले असं वाटलं.

आणि वाऱ्यानं मला धरलं.

गोणीमुळं छाती वाचली, पण बाह्यांतून, लुगड्यातून, मानेतून ऊब अशी गेली की जणू कुणी कातडी सोलून घेतली. दात वाजायला लागले. हसू येईल असे वाजत होते, पण मला थांबवता येईनात. बोटं वाकडी झाली. बसावं म्हणून मी खडकावर बसले आणि आणखी वाईट झालं. मग एक गोष्ट घडली तिची मला आजही भीती वाटते. मला झोप यायला लागली. पाणी, सभा, नवरा, काहीच महत्त्वाचं वाटेना. इथंच जरा पडावं, एवढंच वाटलं.

म्हातारी टेकाडाच्या आडोशाला, वारा लागत नाही त्या बाजूला, गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती. तिनं माझ्या काष्ट्याला हात घातला आणि ओढलं. मी पाठीवर पाण्यात पडले.

"इसावा घ्यायचा तर पान्यात घे," ती म्हणाली. "पान्यापेक्षा वारा गार हाय, एवढं कळत न्हाई? तुझ्या आईनं काय शिकवलं तुला, लाडू वळायला?"

तिनं मला मागून मिठी मारली. तिचं पोट माझ्या पाठीला, तिची हनुवटी माझ्या खांद्यावर. वर्षभरात तिनं मला पहिल्यांदा जवळ घेतलं. माझे दात तिच्या कानाशी वाजत होते. ती म्हणाली, "वाजू दे. वाजत्यात तवर जित्ती हाईस."

दात जरा थांबल्यावर मी बापूशेठला शिव्या घातल्या. त्याच्या माणसांना, त्याच्या जीपला. रात्रीचे येऊन गरिबांच्या होड्या चोरणारा कसला शेठ, म्हणाले.

म्हातारीनं माझ्या मनगटाचा दोरा पुन्हा आवळला. मग तिनं विचारलं, "कौसे, रात्री आपलं जाळं कुठं हुतं?"

"होडीत. ओलं होतं. सकाळी वाळत घालायचं म्हणून ठेवलं होतं."

"सकाळी ते गोठ्याच्या बांबूवर हुतं. गाठी सोडून, नीट पसरून. तू घातलंस?"

"नाही. तुम्ही नाही?"

"मी न्हाई," म्हातारी म्हणाली आणि कॅन सारखे करून पुढं निघाली.

मी तिच्या मागं निघाले. त्या जाळ्याचं काय एवढं, असं म्हणत मी लाथा मारत होते. थंडीनं माणूस मूर्ख होतो. का मला कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

पलीकडचा काठ आला तेव्हा सभा भरलेली होती. सोसायटीच्या काट्यापाशी, बाभळींच्या खाली, पाण्यापासून हाकेच्याही आत. ताडपत्रीवर सगळे बसले होते. तालुक्याहून आलेला साहेब खुर्चीवर, गळ्यात मफलर. आम्हाला पाण्यात बघून सगळे उठून उभे राहिले. आम्ही गुडघाभर पाण्यात आलो. लुगडं अंगाला चिकटलेलं, गोणीतून पाणी गळतंय, समोर चाळीस गडी टक लावून बघतायत. मी लाजेनं मेले असते, पण लाजायलासुद्धा अंगात ऊब लागते. टेकाडावर झालं होतं तेच सुरू झालं. म्हातारीकडं बघितलं तर तिचे ओठ जांभळे, गुडघे एकमेकांवर आपटतायत. तरणी मी, माझी ही गत. ती साठीची.

बापूशेठ पुढं आला. पांढरा स्वेटर, पायात बूट. आवाजात नुसतं लोणी.

"गोजराबाई, अहो हे काय? निरोप दिला असता तर लाँच पाठवली असती. आईसारख्या तुम्ही. वर बंगल्यावर शेकोटी पेटलीय, नवं लुगडं काढून ठेवलंय. कपडे बदला, चहा घ्या. तोवर सभा थांबवतो मी."

आणि त्याच्या मागून तुळशीराम आला. माझा नवरा. दोन्ही हातांवर घडी न मोडलेली घोंगडी. म्हणाला, "आई, चल. कौसल्या, तिला घेऊन चल. मरंल ती."

सांगू मला काय वाटलं? देव वाटला तो मला. शेकोटी म्हणल्यावर माझे पाय आपोआप उचलले. साहेबानं विचारलं, किती वेळ लागेल. बापूशेठ म्हणाला, दहा मिनिटं. किसननाना मागून काहीतरी सांगत होता की सभा कुणासाठी थांबत नसते, बाई बंगल्यावर गेली की मागं हात मोजून मोकळे होतील, पण तोही पुढं येऊन तिला अडवत नव्हता. कसा अडवणार? म्हातारी डोळ्यांसमोर निळी पडत होती. मी तिच्या दंडाला धरलं. "आत्या, चला."

ती तुळशीरामकडं बघत होती. घोंगडीकडं नाही, त्याच्या तोंडाकडं. तो दुसरीकडं बघत होता.

तेव्हा मला जाळं कळलं. कुणा चोराला पडली होती आमच्या जाळ्याची? होडी न्यायची तर नेली असती जाळ्यासकट. ओलं जाळं होडीत कुजतं म्हणून रात्रीच्या काळोखात, चोरी करायला आला असतानाही, ज्यानं ते काढून बांबूवर पसरलं तो घरचाच होता. लहानपणापासून आईनं हाताला लावलेली सवय. बिचाऱ्याला चोरीसुद्धा धड करता आली नाही.

म्हातारी मला म्हणाली, "तुला जायचं तर जा. शेकून ये." राग नव्हता आवाजात. मग ती मागं वळली, पाण्यात शिरली, आणि गळाभर पाण्यात खाली बसली. नुसतं डोकं वर. तिथून म्हणाली, "सायेब, घ्या तुमचं मत. मी हाय हितं."

मी काठाकडं बघितलं, घोंगडीकडं बघितलं. शेकोटीचा धूर बंगल्यावरून दिसत होता. मग मी पाण्यात गेले आणि टेकाडापाशी तिनं मला धरलं होतं तशी तिला मागून धरली. तिचं हृदय माझ्या हाताखाली चिमणीसारखं उडत होतं. पाणी वाऱ्यापेक्षा ऊन होतं. थोडंसंच. पण तेवढं पुरत होतं.

बापूशेठ हसला. म्हणाला, साहेब, सभासद सभेत पाहिजे, तळ्यात नव्हे. उद्या कुणी झाडावरून हात वर करेल. काही जण हसले. साहेबानं किसननानाकडं बघितलं, बापूशेठकडं बघितलं. मफलर आवळला. त्यालाही थंडी वाजत होती, घरी जायचं होतं.

म्हातारी म्हणाली, "सभा कशाची हाय, सायेब? पान्याची. मी पान्यात बसलीया. हे सगळे ताडपत्रीवर बसल्यात."

कुणी हसलं नाही. साहेबानं नाव विचारलं. गोजरा, मारुती भोयाची, ती म्हणाली. साहेब म्हणाला, दिसताय, ऐकू येताय, हजर आहात. ठरावाच्या बाजूनं हात वर करा.

हात वर गेले. जीपमधून गेलेले आमच्याच वस्तीतले गडी, त्यांचेही. मटणाचा वास अजून त्या हातांना असेल. मी मोजायचा प्रयत्न करत होते पण डोळे लाटेच्या पातळीला, नीट दिसेना. म्हातारीलाही दिसत नव्हतं. तिनं विचारलं. मोठ्यानं नाही, पण काठ जवळ होता, पाण्यावरून शब्द नीट पोचत होते.

"दगडू, तुझा वर हाय का रं? मला दिसंना. डोळ्याला पानी येतंय वाऱ्यानं. तुझा बा बुडाला तवा मीच काढला हुता त्याला, ह्याच पान्यातनं. वर असंल तर नीट वर धर, बाबा. अर्धा नको."

दगडूचा हात खाली आला.

"आन तो मागं कोन? सोपान का? सोपान, तुझ्या बायकूचं पोट पाडायला बापूशेठची जीप आली हुती का माझी हुडी?"

"बाळंतपणाला म्हण गं मावशे," सोपान कळवळून म्हणाला. "पोट पाडायला काय म्हणतीस, माणसं बघतायत."

"थंडीनं जीभ वळंना. हात खाली घे, मग नीट बोलते."

पहिल्यांदाच सगळी सभा हसली. आणि सोपाननं हात खाली घेतला. त्याच्या शेजारच्यानं न विचारता घेतला. बापूशेठ ओरडला, हा दबाव आहे, साहेब. साहेब म्हणाला, पाण्यात बसलेल्या बाईचा दबाव कसा लिहू?

तुळशीराम सभासद होता. तो काठावर उभा होता, पाण्याच्या अगदी कडेला. त्याच्या दोन्ही हातांवर घोंगडी होती. हात वर करायचा तर ती चिखलात टाकावी लागली असती. बापूशेठ त्याच्याकडं बघत होता. त्यानं टाकली नाही. आता लोक म्हणतात, आईला बघून त्याचं मन फिरलं. मी त्याच्याशी संसार केलाय. मन फिरलं का घोंगडी खराब होईल म्हणून टाकली नाही, मला अजून सांगता येत नाही.

"ठरावाच्या विरोधात," साहेब म्हणाला.

म्हातारीनं उजवा हात पाण्यातून वर काढला. मनगटाचा दोरा तसाच, स्वेटरची बाही लोंबलेली, पाणी धार धरून गळतंय. कोपर थरथरत होतं म्हणून मी खालून आधार दिला. दुसरा हात मीही वर केला. साहेब म्हणाला, तुम्ही सभासद नाही, हात खाली घ्या. मी घेतला नाही. मोजू नका, म्हणाले, राहू द्या.

ठराव पडला. फार फरकानं नाही. पण पडला. बापूशेठ बंगल्याच्या पायऱ्या चढून गेला, जाताना त्यानं कुणालाच बोलावलं नाही. किसननाना धावत पाण्यात आला, बुटांसकट. "बाई, आता तरी बाहेर ये."

म्हातारी त्याच्याशी बोललीच नाही. म्हणाली, "तुळश्या."

त्यानं मान वर केली.

"होड्या कुठं बांधल्यास?"

मला अजून वाटतं, खोटं बोलायला त्याला वेळ होता. पण त्याच्या तोंडातून खरंच बाहेर पडलं. वरच्या ओढ्यात, म्हणाला, बाभळीच्या मुळ्याला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "बापूशेठ लाँचवर ठेवणार होता मला. कायमचा. तुमच्यासाठीच करत होतो ना."

मी म्हातारीला आणखी घट्ट धरली. माझ्या जबड्यात बोलण्याइतकी ताकद असती तरी बोलले नसते.

"आपली आन," म्हातारी म्हणाली.

तो घोंगडी किसननानाच्या हातात देऊन गेला आणि आमची होडी वल्हवत घेऊन आला. तोवर आम्ही पाण्यातच होतो. त्यानं होडी कडेला लावली, उतरून धरली. मी म्हातारीला खालून रेटलं, ती पोटावर आत पडली, मासळी पडावी तशी. मी चढले. किसननानानं घोंगडी दिली. म्हातारीनं ती घेतली, आधी गोणीवरून माझ्या खांद्यावर टाकली, मग उरलेल्या टोकात स्वतः शिरली. म्हणाली, वल्हं तू घे. हालचाल केलीस तर ऊब राहील.

तुळशीराम होडीत पाय टाकायला लागला. म्हातारीनं माझ्या हातातल्या वल्ह्याच्या टोकानं त्याचा पाय परत काठावर ठेवला. मारलं नाही. नुसता ठेवला.

"आई, सडकेनं उद्या पोचीन मी," तो म्हणाला.

"ये की," ती म्हणाली. "भाकरी झाकून ठिवते."

मी वल्हं पाण्यात घातलं. वारा आता पाठीशी होता.